तिसऱ्या खणातला आकडा

आमच्या गिरणीच्या माजी कर्मचाऱ्यांनी अलीकडे एक स्मरणिका काढली. तीत असे वाक्य आहे: ‘सत्तरीच्या दशकात गिरणीने गणकयंत्र आणले, परंतु एका ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे ते एकदा बंद पडले आणि एक संपूर्ण पाळी माग उभे राहिले.’ या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धातला हलगर्जीपणाचा आरोप निराधार आहे, आणि तो सिद्ध होत नसल्याचा लेखी निष्कर्ष माझ्या सहीनिशी त्याच गिरणीच्या दप्तरात पडून होता. संपादकांना मी तीन पत्रे पाठवली. त्यांतले शेवटचे पोचपावतीसह. पोच आली, उत्तर आले नाही. ज्या माणसामुळे तो निष्कर्ष मला लिहिता आला, त्याचे नाव स्मरणिकेत कोठेही नाही. सत्कारमूर्तींत नाही, दिवंगतांतही नाही. म्हणून हे लिहितो आहे. मात्र तक्रारअर्ज लिहिताना जी खात्री माझ्या लेखणीला असते, ती या वेळी नाही, हे आरंभीच नमूद करतो. तो माणूस, राजेशम, मला तेव्हाही नीट कळला नव्हता आणि आजही कळलेला नाही.

मी गिरणीत कायदा आणि कामगार विभागाचा अधिकारी होतो. सनद घेतली होती, पण कोर्टात उभा राहिलो नव्हतो. तरी सोलापूरच्या रीतीप्रमाणे सगळे मला वकीलसाहेब म्हणत. माझ्या कचेरीला लागून असलेली कागदपत्रांची खोली रिकामी करून तिथे गणकयंत्र बसवले गेले. ते कुठल्याशा संस्थेने वापरून विकलेले होते. कपाटाएवढ्या तीन पेट्या, चुंबकीय फितीची दोन चाके, पुढे बटणांचा आणि दिव्यांचा एक फलक, आणि आकडे छापणारा एक टंकयंत्रासारखा खडखड्या. कोणत्या मागावर कोणते बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, चढवायचे, कोणत्या नंबरचे सूत कधी लागणार, याचे आठवड्याचे नियोजन ते करी. त्याला थंडावा लागे, म्हणून साऱ्या गिरणीत तेवढीच एक खोली वातानुकूलित होती. परिणामी एप्रिल आणि मे महिन्यांत त्या खोलीत काम निघणाऱ्यांची संख्या वाढत असे. यंत्र सांभाळणारा राजेशम त्यांना चपला बाहेर काढायला लावी आणि विचारी, “काम सांगा.” बहुतेकांना ते सांगता येत नसे. तो स्वतः त्या खोलीत अर्ध्या बाह्यांचा लोकरी स्वेटर घाले आणि जेवणाच्या सुट्टीत तोच स्वेटर घालून मे महिन्याच्या उन्हात कँटीनला जाई. लोक हसत. तो म्हणे, “काढला की विसरतो, साहेब. मग आत जाऊन शिंकत बसतो.”

तो शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकर घरातला. बापाचा हातमाग होता. इथल्याच महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतलेली, नंतर काही महिने बाहेरगावी यंत्राचे शिक्षण. उंच, किरकोळ अंगाचा. काहीही बारकाईने बघायचे झाले की डावा डोळा मिटून घेई. घरी तेलुगू, कचेरीत मराठी, आणि स्वतःशी पुटपुटताना दोन्ही.

आमची पहिली गाठ कायद्यावरच पडली. यंत्रासोबत आलेले प्रोग्रॅम लांबलचक कागदांवर छापून घेऊन तो एकेक ओळ तपासत असे आणि पटलेल्या प्रत्येक ओळीसमोर हिरव्या शाईने बरोबरची खूण करी. मी त्याला लेखी कळवले की हिरवी शाई वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी राखीव असून कनिष्ठ कर्मचाऱ्याने ती वापरू नये. तो कागद घेऊन समोर आला.

“साहेब, चुका दाखवायला लाल आहे. निळ्यात सगळं जग लिहितं. बरोबरला कुणी रंगच ठेवला नाही की.”

मी म्हणालो, “नियम आहे.”

“मग नियमापुढं खूण करू का?” आणि त्याने खरोखरच माझ्या मेमोच्या प्रत्येक वाक्यासमोर हिरवी खूण करून तो मला परत दिला. त्यावर काय कारवाई करावी हे मला सुचले नाही. तो मेमो मी फाइलला लावला.

त्याची वाचण्याची तऱ्हा उलटी होती. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून तो कागद तिच्यावर टाकी आणि शेवटच्या ओळीपासून वर वर जाई. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आमच्यात असंच बघतात. कापडात खोट दिसली, की कापडाकडून मागं मागं बीमकडं जायचं. खोट जिथं दिसते तिथं नसते, मागं असते.”

दुसरी एक सवय अशी की काही मोडले, सांडले, तुटले, की त्याचा उजवा तळहात वर जाई आणि तोंडातून शब्द निघे, “मुट्टुकोवद्दु.” म्हणजे तेलुगूत, हात लावू नका. हे त्याच्या बापाचे. मागावर धागा तुटला की म्हातारा घरातल्या सगळ्यांना जागच्या जागी उभे करी, आणि आधी नुसता बघे. कँटीनमध्ये एकदा चहाचा पेला टेबलावरून घसरून फुटला. पोऱ्या नव्हे, चांगला साठीचा कँटीनवाला झाडू घेऊन आला, तर राजेशमचा तळहात वर. सगळे थांबले. त्याने वाकून डावा डोळा मिटला आणि म्हणाला, “टेबलाचा हा पाय आखूड आहे. उद्या दुसरा पेला फुटेल.”

कँटीनवाला म्हणाला, “बघून झालं व्हय इंजिनेर? आता झाडू का चहा आटू दिऊ?”

मला यंत्रातले काही कळत नसे आणि न कळणे मला सहन होत नसे. म्हणून एके दुपारी मी त्याला विचारले की हा इतका कागद कशाचा. तो म्हणाला, यंत्रात पुष्कळ प्रोग्रॅम असतात, ते कामगार. त्यांच्यावर एक असतो, तो मुकादम. कोणाला कधी काम द्यायचे, कोणाला थांबवायचे, ते तो ठरवतो. “आणि यंत्र पडलं, वीज गेली, काही झालं, तर शेवटचं कामही मुकादमाचंच. यंत्राच्या हातात आठ खण असतात. चालू कामाचे आकडे त्या आठांत. यंत्र पडतं तेव्हा पापणी लवायच्या आत मुकादमानं ते आठही खण जसेच्या तसे एका कोपऱ्यात लिहून ठेवायचे. नंतर यंत्र उठलं की ते छापायचे. साहेब, मागावरचा माणूस चक्कर येऊन पडला तर आपण तोंडावर पाणी मारतो. बरोबर आहे. पण पडला तेव्हा त्याच्या हातात धोटा होता की कात्री, ते कुणी बघतं का?”

“पंचनामा,” मी म्हणालो.

“हां. पंचनामा.” तो शब्द त्याला इतका आवडला की पुढे तो त्या कागदांना पंचनामाच म्हणू लागला. त्या वर्षात मला त्याचे कळलेले ते एकमेव वाक्य, आणि तेही मीच त्याला दिलेले.

आता स्मरणिकेतल्या त्या प्रसंगाकडे येतो.

एका दुपारी फितीवर पुढच्या आठवड्याचे नियोजन उतरत असताना यंत्र एकाएकी बंद पडले. फीत अर्धवट लिहिली गेली आणि खराब झाली. कोणते बीम कोणत्या मागावर, हे कोणालाच कळेना आणि एक पाळी माग उभे राहिले. यंत्रापाशी त्या वेळी ऑपरेटर सिद्राम एकटा होता. सिद्राम अक्कलकोटच्या बाजूचा, घरी कानडी, वयाने तिशीचा. कापूस पिंजण्याच्या कार्डिंग खात्यातली धूळ छातीला सोसेना म्हणून त्याला इकडे घेतलेले. फीत चालू असताना फलकावरचे थांबवण्याचे बटण दाबायचे नाही, एवढा एक नियम त्याला पाठ करून घेतला होता.

यंत्र पुन्हा सुरू केल्यावर खडखड्याने आठ आकडे छापले. तिसऱ्या खणातला आकडा फलकाचा, म्हणजे यंत्रात फलकाला दिलेला ठरावीक क्रमांक होता. जनरल मॅनेजरांनी त्याचा अर्थ स्वतःच लावला: यंत्र पडले तेव्हा त्याच्या हातात फलक होता, म्हणजे कोणीतरी फलकाला हात लावला, म्हणजे सिद्रामने बटण दाबले. त्याला निलंबित करण्यात आले आणि चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. आरोप सिद्ध झाल्यास बडतर्फी, हे मॅनेजरांनी मला आधीच सांगितले. चौकशीपूर्वी शिक्षा सांगणे बेकायदेशीर आहे, असे मी त्यांना लेखी कळवले. त्यांनी तेही फाइलला लावले.

सिद्राम माझ्यासमोर उभा राहिला तो टोपी हातात घेऊन.

“बटण दाबलंस का?”

“न्हाय साहेब. म्या तवा पंखा पुसत होतो. दिवा लाल झाला, मंग बगितलं.”

“कागद तर म्हणतो की फलकाला हात लागला.”

त्याने कागदाकडे बघितले. त्याला वाचता येत होते, पण आकड्यांचा अर्थ लागण्याचा प्रश्नच नव्हता. “कागुद म्हनतोय तर… कोपर लागलं असंल का? मला कळंना झालंय साहेब. कागुद खोटं कशाला बोलंल?”

कागद शाबीत करायला राजेशम हा गिरणीचा साक्षीदार होता. मी त्याला विचारले, हा छाप यंत्राचाच आहे काय? तो म्हणाला, आहे. मध्ये कोणी फेरफार केला आहे काय? नाही. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरे होते. मी लेखणी खाली ठेवणार, तेवढ्यात त्याचा तळहात वर गेला. शब्द त्याने उच्चारला नाही, पण मला तो ऐकू आला.

“तीन दिवस द्या, साहेब. पंचनामा खरा आहे. पण पंच आत कुठल्या दारानं आले, ते बघायचंय.”

मॅनेजर म्हणाले, “विणकाम करणारे आता न्यायदान करणार का, वकीलसाहेब?” मी तीन दिवस दिले. द्यायला नको होते असे मला त्या तीन दिवसांत अनेकदा वाटले, आणि पुढच्या तीन वर्षांत त्याहून अधिक वेळा.

त्या तीन दिवसांत त्याची दोरी सारखी भरलेली असे. जाता-येता मला तो दारातून दिसे. स्वेटर घातलेला, एक डोळा मिटलेला. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तो या वेळी वरून खाली वाचत होता.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि उभ्या उभ्याच बोलला. यंत्र पडताना मुकादम पहिले काम कोणते करतो, तर फलकावरचा लाल दिवा लावतो, ऑपरेटरला कळावे म्हणून. दिवा लावायला फलकाचा आकडा हातात घ्यावा लागतो. तो आकडा तो तिसऱ्या खणात ठेवतो. तिथे आधी काय होते ते गेले. मग तो आठही खण लिहून घेतो, अगदी प्रामाणिकपणे.

“म्हणजे यंत्र कशानंही पडो,” मी म्हणालो, “तिसऱ्या खणात फलकच सापडणार?”

“वीज गेली तरी फलक. उंदरानं वायर कुरतडली तरी फलक. मुकादम दिवा लावत आत येतो आणि त्याचेच पाय जमिनीवर उमटतात. मग आपण ते पाय सिद्रामचे म्हणतो.”

हे मला पुरावा म्हणून हवे होते, केवळ मत म्हणून नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विणकाम खात्याचे मास्तर आणि कँटीनवाला या दोघांना पंच नेमले. सिद्रामला गिरणीच्या फाटकाबाहेर बसवून तो तिथेच असल्याबद्दल दरवानाची सही घेतली. फलकाजवळ कोणीही उभे राहायचे नाही, असे ठरले. मुख्य खटका मी स्वतः ओढावा, असे राजेशमने सुचवले. वकीलसाहेबांवर बटण दाबल्याचा आळ कोणी घेणार नाही, म्हणून. आयुष्यात मी यंत्राला हात लावला तो तेवढ्याच वेळी. खटका ओढला. फलकावरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. गुणगुण थांबली. राजेशमने यंत्र पुन्हा उठवले. खडखड्याने आठ आकडे छापले. तिसरा आकडा फलकाचा.

विणकाम मास्तरांनी तो निरखून पाहिला. “म्हंजे हे यंत्र दर वेळी सिद्रामचंच नाव घेणार की.”

“सिद्रामचं नाव त्याला माहीत नाही, मास्तर. ते आपण घेतलं.”

राजेशमने तीच गोष्ट आणखी दोनदा करायला लावली. मी विचारले, “मग त्या दिवशी यंत्र थांबवले कोणी?”

“ते आता कधीच कळणार नाही, साहेब. तेच तर तिसऱ्या खणात होतं.”

हे उत्तर मी जसेच्या तसे लिहून घेतले. आरोप सिद्ध होत नाही, एवढा निष्कर्ष मला काढता येत होता. काय घडले, याचा निष्कर्ष काढता येत नव्हता, आणि तो काढता न येण्याची मला सवय नव्हती. मी लेखणीला टोपण लावू लागलो.

“अजून संपलं नाही,” राजेशम म्हणाला. त्याने घडी घातलेला कागद उघडून माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवले. दिवा लावण्याची ती ओळ. तिच्यासमोर हिरवी खूण होती.

“ही मी तपासलेली आहे. यंत्र आलं तेव्हा. खालून वर गेलो ना, साहेब. आधी मला दिसलं की आठही खण लिहिले. खूण केली. मग वर दिवा दिसला. वाटलं, लिहून झालं, आता दिवा लावतोय, काय बिघडलं? खालून बघताना आधीचं नंतर झालं. माग असा वाचतात, मुकादम असा वाचायचा नसतो. हे लिहा.”

मी त्याला समजावले, आणि मी एरवी कोणाला समजावत नाही. मी म्हणालो, हे तुम्हाला कोणी विचारलेले नाही. ओळ पुरवठादाराने लिहिली, तुम्ही नव्हे. शिवाय स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हे घटनेत आहे.

“सक्ती कुठं केली तुम्ही? मी सांगतोय की.”

“मग सांगू नका.”

“मग तुमच्या अहवालात हा खण रिकामा राहतो,” तो म्हणाला. “सिद्राम सुटेल, आणि लोक म्हणतील, वकीलसाहेबांनी सोडवला. कशानं सुटला ते कुणाला दिसणार नाही. उद्या दुसऱ्याच्या नावावर येईल.”

मी लिहिले. शेवटचा परिच्छेद म्हणून, त्याच्याच शब्दांत. लिहिताना माझ्या मनात एकच विचार होता, की इतके स्पष्ट विधान मी आजवर कोणाचे नोंदवलेले नाही. आणि त्या विचारात अभिमान होता, हे कबूल करतो.

सिद्रामला कामावर परत घेतले. ते पत्र हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि बराच वेळ बसला. “मंजी म्या दाबलं न्हाय, हे खरं निगालं व्हय?” त्याने विचारले. “मला तर वाटाय लागलं होतं, दाबलं असंल म्हून. बायकोला बी सांगून बसलो की, दाबलं असंल.”

मॅनेजरांना मात्र कोणीतरी हवे होते, आणि ते मी त्यांना सहीनिशी दिले होते. माझ्या अहवालातला तोच परिच्छेद उतरवून राजेशमला गंभीर दुर्लक्षाची नोटीस गेली. त्याने एका ओळीत उत्तर दिले की मजकूर बरोबर आहे. त्याची नोकरी गेली. ज्याचे म्हणणे ऐकलेले नाही त्याला शिक्षा देता येत नाही, असे मी मॅनेजरांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, “त्याचं म्हणणं तुम्हीच ऐकलंत की. लिहूनही आणलंत.” मी पुष्कळ पत्रे लिहिली. संचालक मंडळाला, कामगार कचेरीला, वर्तमानपत्रांना. मी स्वतः नोकरी सोडली नाही. हेही इथे नमूद असावे.

काही महिन्यांनी मी अपिलाचा एक पक्का अर्ज तयार केला. त्यात असे मांडले होते की चूक मूळ पुरवठादाराची असून तीत अर्जदाराचा कोणताही दोष नाही. तेवढ्या एका वाक्यावर सगळा अर्ज उभा होता, आणि तो टिकेल याची मला पक्की खात्री होती. फक्त राजेशमची सही हवी होती. ती घ्यायला मी पूर्व भागात त्याच्या घरी गेलो.

पुढच्या खोलीत चादरींचा माग चालू होता. आवाजाने एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, म्हणून त्याने माग थांबवला. अंगात स्वेटर नव्हता. त्याच्याशिवाय मी त्याला चटकन ओळखलेच नाही. त्याने अर्ज घेतला, खिशातून पेन काढले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. एकेक ओळ वाचून झाली की हिरवी खूण. मी त्याच्या पेनाकडे बघत होतो. ते वाक्य आले. पेन थांबले, आणि तसेच पुढच्या ओळीवर गेले. शेवटपर्यंत खुणा करून त्याने अर्ज मला परत दिला.

“बाकी सगळं बरोबर आहे, साहेब. लई चांगलं लिहिलंय.”

“सही?”

“एक ओळ राहिली की.”

“ती काढली तर अर्जात काही उरत नाही, राजेशम.”

“मला पण तसंच वाटलं,” तो म्हणाला. त्यात टोमणा होता की सहानुभूती, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. त्याने मला पाणी विचारले आणि माग पुन्हा सुरू केला.

थोड्याच वेळात माग अडला. कुठेतरी धागा तुटला होता. त्याची बायको आतून आली आणि धागा जोडायला वाकली, तसा त्याचा तळहात वर गेला. ती सवयीने थांबली. तो कापडापाशी गेला नाही. मागाला वळसा घालून मागच्या बाजूला, बीमपाशी जाऊन उभा राहिला, डावा डोळा मिटला आणि तिथून पहिल्यापासून बघू लागला.

“आता तिकडनं बघत्यात,” ती मला म्हणाली. “वेळ लागतो. बसा तुमी.”

ताणलेल्या शेकडो धाग्यांआडून तो मला उभ्या उभ्या रेघांत दिसत होता. मी बसलो नाही. हातात तो कागद होता. सगळ्या ओळींवर खूण, एका ओळीवर नाही. तो अर्ज म्हणावा की कबुलीजबाब, हे ठरत नव्हते. मी दारातून पुन्हा एकदा वळून पाहिले. तो अजून बीमपाशीच होता, आणि त्याचा तळहात अजून वर होता.